हुशार विद्यार्थ्यासाठी परवडणारे ‘सेफ्टी’ महाविद्यालय कसे निवडावे: अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेत शिकणाऱ्या हुशार मुलाच्या घरी महाविद्यालयांची यादी तयार होते तेव्हा बहुतेक सगळा वेळ वरच्या नावांवर खर्च होतो. एमआयटी, स्टॅनफर्ड, कार्नेगी मेलन, बर्कली यांच्या अर्जांवर आणि निबंधांवर उन्हाळाभर काम चालते आणि ऑक्टोबर उलटत आला की कोणीतरी म्हणते, ‘‘दोन सेफ्टी पण टाकून ठेव,’’ म्हणजे हमखास प्रवेश मिळेल अशी दोन महाविद्यालये. मग राज्यातले मोठे सरकारी विद्यापीठ आणि ओळखीच्या मुलाला मिळालेले एखादे खासगी महाविद्यालय घाईघाईने यादीच्या तळाशी जोडले जाते. मार्चअखेर निकाल लागतात तेव्हा कळते की एका ठिकाणी हवा तो विषय मिळालेला नाही आणि दुसऱ्या ठिकाणी वर्षाला लागणारे साठ हजार डॉलर घरात नाहीत. भरवशाच्या म्हशीला टोणगा व्हावा तशी ही गत होते, आणि ती सहज टाळता आली असती म्हणून अधिकच जिव्हारी लागते.

माझे सांगणे इतकेच आहे की यादीची सुरुवात सेफ्टीपासून करावी. अकरावीच्या, म्हणजे ज्युनिअर वर्षाच्या, वसंत ऋतूतच ही दोन-तीन नावे शोधून, तपासून पक्की करावीत. ती पक्की झाली की वरच्या नावांसाठी मुलाने हवे तितके धाडस करावे, कारण तेव्हा नकार आला तरी घराचे आणि मुलाचे काही बिघडत नाही.

सेफ्टी कशाला म्हणावे

ज्या महाविद्यालयात प्रवेश जवळजवळ निश्चित आहे त्याला लोक सेफ्टी म्हणतात, परंतु ही व्याख्या अपुरी आहे. प्रवेश हव्या त्या विषयाला निश्चित असला पाहिजे, चार वर्षांचा खर्च कुठल्याही अनिश्चित शिष्यवृत्तीची आशा न धरता घराला झेपला पाहिजे, आणि बाकी सगळीकडून नकार आला तर मूल तिथे आनंदाने जाईल असे त्याने स्वतः मनापासून म्हटले पाहिजे. यांतली एक अट जरी तुटली तरी ते नाव यादीत राहू द्यावे, पण त्याला सेफ्टी म्हणू नये. चांगल्या मुलांच्या बाबतीत बहुधा पैशाची अट तुटते, कारण प्रवेशाची चिंता नसल्याने पालक खर्चाचा हिशोब एप्रिलपर्यंत लांबवतात.

आधी घराचा आकडा ठरवावा

पहिले काम संगणकापुढे बसून करायचे नसून आईवडिलांनी एकमेकांशी बोलून करायचे आहे. वर्षाला आपण किती देऊ शकतो, ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या बचतीच्या खात्यात) किती साठले आहे, धाकट्या भावंडाचे शिक्षण कधी सुरू होणार आणि कर्ज काढायचे झाले तर किती, याचा एक आकडा कागदावर लिहावा आणि तो मुलाला सांगावा. आपल्याकडे पैशाचा विषय मुलांपुढे काढायचा नाही अशी पद्धत आहे. ‘तू फक्त अभ्यास कर, बाकीचे आम्ही बघतो’ असे म्हणण्यामागे मायाच असते. पण इथे सतराव्या वर्षी मूल अर्ज कुठे करायचा हे ठरवत असते, आणि घराचा आकडा ठाऊक नसेल तर ते आंधळेपणानेच ठरवणार.

उदाहरणादाखल न्यू जर्सीतील एडिसनमध्ये राहणारे एक कुटुंब धरू. दोघेही नोकरी करतात, उत्पन्न इतके आहे की गरजेवर आधारित मदत मिळण्याची शक्यता नाही, आणि वर्षाला ३५,००० डॉलर देणे त्यांना शक्य आहे. नामवंत खासगी विद्यापीठाचा राहण्या-जेवणासह खर्च ९०,००० डॉलरच्या घरात जातो. म्हणजे वर्षाला ५५,००० आणि चार वर्षांत २,२०,००० डॉलरची तूट पडते. विद्यार्थ्याच्या नावावर मिळणारे संघीय कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे वर्षाला ७,५०० डॉलर, म्हणजे चार वर्षांत मिळून २७,००० डॉलर होते. पालकांनी काढायच्या पॅरेंट प्लस कर्जालाही जुलै २०२६ पासून वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा लागू होते. उरलेली तूट भरायची तर खासगी कर्ज काढावे लागेल किंवा निवृत्तीच्या पैशाला हात लावावा लागेल. हे गणित अकरावीत मांडले तर यादी आपोआप बदलते.

आता ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’कडे वळावे, म्हणजे मदत वजा जाता आपल्या घराला प्रत्यक्ष किती खर्च येईल याचा अंदाज देणाऱ्या गणकाकडे. २००८ च्या उच्च शिक्षण कायद्यामुळे संघीय मदत घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाला तो आपल्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. मागील वर्षाचे कर विवरणपत्र शेजारी ठेवून, अंदाजे आकडे न भरता, यादीतल्या प्रत्येक नावासाठी तो भरावा. आयव्ही लीगची विद्यापीठे, एमआयटी, स्टॅनफर्ड हे सगळे गरजेवर आधारित मदत देतात, गुणांवर शिष्यवृत्ती देत नाहीत. त्यामुळे मध्यम-उच्च उत्पन्नाच्या घराला तिथे पूर्ण किंमत मोजावी लागण्याची शक्यता मोठी असते, मूल कितीही हुशार असले तरी.

आपल्या घरांत हमखास सुटणारी एक गोष्ट इथे नीट सांगितली पाहिजे. फॅफ्सा या संघीय आर्थिक मदतीच्या अर्जात राहते घर मोजले जात नाही, पण दुसरे घर मोजले जाते, आणि ते पुण्यातले किंवा ठाण्यातले असले तरी मोजले जाते. भारतातील फ्लॅट, बँकेतील मुदत ठेवी, शेअर या सगळ्यांची आजची किंमत, त्यावरील कर्ज वजा करून, डॉलरमध्ये लिहावी लागते. पालकांच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग दरवर्षी शिक्षणासाठी उपलब्ध आहे असे त्या सूत्रात धरले जाते. म्हणजे १,००,००० डॉलर किमतीच्या फ्लॅटमुळे कुटुंबाचा अपेक्षित वाटा ५,६४० डॉलरपर्यंत वाढू शकतो. बरीच खासगी महाविद्यालये सीएसएस प्रोफाइल हा वेगळा अर्ज मागतात, आणि त्यांच्यापैकी अनेक ठिकाणी राहत्या घराची किंमतही विचारात घेतली जाते. शिवाय २०२४-२५ पासून फॅफ्साच्या सूत्रातून एकाच वेळी दोन मुले महाविद्यालयात असल्याची सवलत निघून गेली आहे. थोरल्याच्या वेळचा अनुभव धाकट्याला लागू पडेल असे गृहीत धरू नये.

प्रवेशाची खात्री कुठे मिळते

महाराष्ट्रात दहावी-बारावी झालेल्या पालकांच्या डोक्यात मेरिट लिस्ट पक्की बसलेली असते: मागच्या वर्षीचा कट-ऑफ पाहिला, आपले टक्के त्यापेक्षा चार जास्त निघाले, की जागा आपली. अमेरिकेतील निवडक महाविद्यालयांत असा हिशोब चालत नाही. तिथे निबंध, शिफारसपत्रे, शाळा, विषय आणि त्या वर्षीची महाविद्यालयाची गरज हे सगळे एकत्र पाहिले जाते, त्यामुळे एसएटी या प्रवेश परीक्षेत (१६०० पैकी) १५५० असलेले मूल नाकारले जाते आणि १४७० चे घेतले जाते, यात काही नवल नसते. म्हणूनच ज्या महाविद्यालयात अर्जदारांपैकी निम्म्याहून कमी मुलांना प्रवेश मिळतो ते कोणाचेही सेफ्टी होऊ शकत नाही, असे माझे मत आहे.

मात्र काही ठिकाणी आपल्या ओळखीच्या मेरिट लिस्टसारखा जाहीर नियम असतो, आणि खरी सेफ्टी तिथेच शोधावी. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत ठरलेले शालेय विषय पूर्ण करून त्यांत ३.० जीपीए (गुणांची सरासरी, बहुधा ४ पैकी) असला, किंवा वर्गात पहिल्या २५ टक्क्यांत क्रमांक असला, तर विद्यापीठात प्रवेश ठरलेला असतो. पण तिथेही अभियांत्रिकीच्या अटी याहून कडक आहेत. कॅलिफोर्नियात राज्यातील वरच्या ९ टक्क्यांत असलेल्या रहिवासी विद्यार्थ्याला, अर्ज केलेल्या एकाही यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) कॅम्पसने घेतले नाही, तर जागा असलेल्या दुसऱ्या कॅम्पसमध्ये जागा देऊ केली जाते, आणि व्यवहारात ते कॅम्पस बहुधा मर्सेड असते. तिथे जायची तयारी असेल तरच ही खात्री उपयोगाची. यूसी प्रवेशासाठी एसएटी पाहत नाही, हेही लक्षात ठेवावे. तिथे उत्तम स्कोअरचा काही फायदा नाही.

टेक्ससचे उदाहरण थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. १९९७ च्या कायद्याने वर्गातील पहिल्या १० टक्के मुलांना राज्यातील सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळू लागला. यूटी (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस) ऑस्टिनला पुढे त्यात सवलत मिळाली. तिथला आकडा बरीच वर्षे ६ टक्के होता आणि २०२६ च्या प्रवेशापासून तो ५ टक्के झाला आहे. फ्रिस्को किंवा प्लेनोमधील मोठ्या शाळांत, जिथे एकेका वर्गात हुशार मुलांची गर्दी असते, ४.० च्या वर जीपीए असूनही पहिल्या ५ टक्क्यांत न येणारी मुले पुष्कळ असतात. आणि जी येतात त्यांनाही विद्यापीठात प्रवेश मिळतो, विषयाची हमी मिळत नाही. कंप्युटर सायन्स मागितलेल्या मुलाला दुसरा विषय देऊ केला जाऊ शकतो. म्हणून ज्याला तोच विषय हवा आहे त्याच्यासाठी ऑस्टिन सेफ्टी नव्हे. रिचर्डसनमधील यूटी डॅलस त्या अर्थाने कितीतरी अधिक भरवशाचे आहे, आणि घरून ये-जा शक्य असेल तर खर्चही मोठ्या प्रमाणात उतरतो.

विषयाचा हाच सापळा इतर राज्यांतही आहे. इलिनॉय अर्बाना-शॅम्पेनमध्ये कंप्युटर सायन्सला अलीकडच्या वर्षांत अर्जदारांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी मुलांना प्रवेश मिळाला आहे, जरी विद्यापीठाचा एकूण आकडा त्याच्या कितीतरी पट असला तरी. सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्या विषयाला प्रवेश घेऊन नंतर कंप्युटर सायन्सकडे वळणे अत्यंत कठीण आहे. रटगर्समध्ये अभियांत्रिकी आणि कला-विज्ञान या शाखांचा प्रवेश वेगवेगळा होतो. तेव्हा प्रत्येक सेफ्टीसाठी दोन प्रश्न प्रवेश कार्यालयाला ईमेलने विचारावेत आणि उत्तर जपून ठेवावे: या विषयाला पहिल्या वर्षीच थेट प्रवेश मिळतो का, आणि मिळत नसेल तर दुसऱ्या वर्षी तो घेण्यासाठी किती जीपीए लागतो व त्या अटीत बसणाऱ्या सगळ्यांना तो मिळतो का.

महाविद्यालये दरवर्षी प्रसिद्ध करतात तो ‘कॉमन डेटा सेट’ हा दस्तऐवज मुलानेच वाचावा. त्यातल्या सी-७ या तक्त्यात प्रवेशासाठी कशाला किती महत्त्व दिले जाते हे लिहिलेले असते. तिथे ‘अर्जदाराने दाखवलेली आवड’ महत्त्वाची म्हटली असेल, तर कॅम्पस न पाहता, ईमेल न उघडता, तुटपुंजा निबंध लिहून टाकलेला उत्तम गुणांचा अर्जही नाकारला किंवा वेटलिस्टवर टाकला जाऊ शकतो, कारण हे मूल येणारच नाही असे त्यांना वाटते. मध्यम आकाराच्या खासगी महाविद्यालयांना सेफ्टी समजणाऱ्या हुशार मुलांच्या बाबतीत हे विशेष घडते. त्याच दस्तऐवजातील एच-२-ए या भागात, आर्थिक गरज नसलेल्या किती विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळाली आणि तिची सरासरी किती, हे दिलेले असते. एडिसनच्या त्या कुटुंबाला सगळ्या आकर्षक माहितीपत्रकांपेक्षा या एका ओळीतून अधिक कळेल.

कमी खर्चाची ठिकाणे

सर्वात आधी आपले स्वतःचे राज्य. फ्लोरिडातील ‘ब्राइट फ्यूचर्स’ योजनेची वरची पातळी, म्हणजे ३.५ भारित जीपीए (अवघड विषयांना जादा वजन देऊन काढलेला), १३४० एसएटी आणि १०० तासांची समाजसेवा किंवा काम, पूर्ण केली तर सरकारी विद्यापीठाचे शिक्षणशुल्क आणि ठरावीक इतर शुल्क पूर्ण माफ होते. जॉर्जियात ‘झेल मिलर’ शिष्यवृत्तीसाठी राज्याच्या पद्धतीने काढलेला ३.७ जीपीए आणि १२०० एसएटी लागतो. या राज्यांतील चांगल्या मुलाला परवडणारी सेफ्टी शोधायला बाहेर जाण्याची गरजच नाही; एकमेव अडचण एवढीच की जॉर्जिया टेक किंवा युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडा यांना सेफ्टी समजू नये, त्याच शिष्यवृत्तीवर जाता येईल असे राज्यातील दुसरे विद्यापीठ निवडावे. न्यू जर्सीत वर्गातील पहिल्या १५ टक्क्यांतील मुलांना ‘एनजे स्टार्स’ योजनेतून काउंटी कॉलेजचे, म्हणजे स्थानिक दोन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयाचे, शिक्षणशुल्क माफ होते आणि तिथून राज्यातील चार वर्षांच्या महाविद्यालयात जाता येते. आपल्या समाजात याकडे फारसे कोणी पाहत नाही, ही मला खेदाची गोष्ट वाटते.

राज्याबाहेर पाहायचे तर पश्चिमेकडील कुटुंबांनी ‘वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज’ तपासावे. या योजनेत सहभागी विद्यापीठे शेजारच्या राज्यांतील मुलांकडून रहिवाशांच्या शुल्काच्या जास्तीत जास्त दीडपट शुल्क घेतात. मात्र काही विद्यापीठे काही विषय त्यातून वगळतात. परड्यूने २०१३ पासून शुल्क वाढवलेले नाही आणि बाहेरच्या राज्यातील विद्यार्थ्याला तिथे वर्षाला २८,७९४ डॉलर शिक्षणशुल्क पडते. पण अभियांत्रिकीला ते सेफ्टी नाही, केवळ बाकीच्यांशी किंमत ताडून पाहण्यासाठी हा आकडा उपयोगी आहे. युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामासारखी काही सरकारी विद्यापीठे जीपीए आणि एसएटीवरून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचा तक्ताच जाहीर करतात. हा तक्ता दरवर्षी बदलतो, म्हणून आपल्या मुलाच्या प्रवेशवर्षाचाच तक्ता पाहावा आणि त्याची प्रत उतरवून ठेवावी.

अकरावीच्या ऑक्टोबरमध्ये होणारी पीएसएटी, म्हणजे एसएटीची पूर्वपरीक्षा, इथे फार मोलाची ठरते, कारण तिच्या गुणांवरून ‘नॅशनल मेरिट’ या देशव्यापी स्पर्धेची निवड होते. नॅशनल मेरिटचे सुमारे १६,००० उपांत्य विजेते निवडले जातात, आणि अंतिम विजेत्यांना अलाबामा, यूटी डॅलस यांसारखी विद्यापीठे भरघोस शिष्यवृत्ती देतात. ती मिळवण्यासाठी त्या विद्यापीठाचे नाव नॅशनल मेरिटच्या पोर्टलवर पहिली पसंती म्हणून मुदतीत नोंदवावे लागते. वरच्या विद्यापीठांचे निकाल यायच्या आधी ही नोंद करायला मुले बिचकतात, परंतु तिने कोणी बांधले जात नाही. मे महिन्याची मुदत येईपर्यंत निवड मोकळी असते.

एच-४ वर असलेल्या मुलांसाठी

ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या घरांनी वरील सगळे वाचताना आपली स्थिती वेगळी लक्षात घ्यावी. एच-४ वरील, म्हणजे पालकांच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून असलेल्या, मुलाला संघीय मदत मिळत नाही, आणि राज्याच्या शिष्यवृत्त्याही बहुतेक ठिकाणी नागरिक व ग्रीन कार्डधारकांसाठी असतात. इन-स्टेट शुल्क (राज्याच्या रहिवाशांसाठीचे कमी शुल्क) मिळते की नाही हे प्रत्येक राज्यात वेगळे आहे, म्हणून रेसिडेन्सी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. एकविसाव्या वर्षी एच-४ संपते आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावे लागते, तेव्हा आधीचे इन-स्टेट शुल्क टिकेल का, हा प्रश्नही त्याच पत्रात विचारावा. एच-४ वर असताना मुलाला पगारी काम करता येत नाही, त्यामुळे अभियांत्रिकीच्या मुलाची इंटर्नशिप अडते. एफ-१ वर सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाशी निगडित पगारी कामाच्या परवानगीची, सोय असते. अशा मुलासाठी नियमाने मिळणारी, विद्यापीठाच्या स्वतःच्या पैशांतून दिली जाणारी आणि व्हिसाची अट नसलेली गुणवत्ता शिष्यवृत्ती हाच सर्वात खंबीर आधार असतो.

मूल तिथे राजी आहे का

गणेशोत्सवात मंडळात भेटणाऱ्यांनी ‘मग कुठे मिळाली ॲडमिशन?’ असे विचारल्यावर सांगायला संकोच वाटेल, एवढ्या कारणाने चांगली सेफ्टी नाकारणारी घरे आहेत. त्यावर उपाय म्हणजे नावापलीकडे जाऊन विषयाचा विभाग पाहणे. सेफ्टीच्या विद्यापीठाला भेट द्यावी, आणि टूर गाइडच्या मागे फिरून झाल्यावर मुलाला त्याच्या विषयाच्या इमारतीत न्यावे. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे कोणते वर्ग दर सत्राला खरोखर भरतात, पदवीपूर्व मुले संशोधनात कशी शिरतात, ऑनर्स कॉलेज (निवडक विद्यार्थ्यांसाठीचा विद्यापीठातला खास कार्यक्रम) असेल तर त्यात वर्गनोंदणीला प्राधान्य आणि लहान वर्ग मिळतात का, हे तिथल्याच विद्यार्थ्यांना विचारावे. एपीचे, म्हणजे शाळेतच घेतलेल्या महाविद्यालयीन पातळीच्या विषयांचे, किती क्रेडिट मान्य होतात हेही पाहावे. सरकारी विद्यापीठे यात बहुधा उदार असतात, आणि सात-आठ एपी झालेले मूल एक सत्र किंवा एक वर्ष लवकर पदवी घेऊ शकले तर तेवढा खर्च वाचतो. भेटीनंतर मूल उत्साहाने काही सांगत नसेल तर दुसरे नाव शोधावे. अकरावीत केलेल्या कामाचा हाच फायदा आहे, की शोधायला वेळ असतो.

अर्ज आणि त्यानंतर

सेफ्टीचे अर्ज सर्वात आधी पाठवावेत. कॉमन ॲप, म्हणजे अनेक महाविद्यालयांना एकाच ठिकाणाहून अर्ज करण्याचे संकेतस्थळ, १ ऑगस्टला उघडते. जिथे अर्ज येतील तसे निकाल दिले जातात तिथे सप्टेंबरमध्येच अर्ज करावा, आणि बाकी ठिकाणी बंधन नसलेल्या अर्ली ॲक्शनची (लवकर अर्ज, लवकर निकाल) मुदत गाठावी. अनेक ठिकाणी शिष्यवृत्तीची आणि ऑनर्स कॉलेजची मुदत प्रवेशाच्या मुदतीपेक्षा बरीच आधी, १ नोव्हेंबर किंवा १ डिसेंबरला असते. ती चुकली तर प्रवेश मिळतो पण परवडत नाही, म्हणजे सेफ्टी हातची जाते. अर्ली डिसिजनमध्ये मात्र प्रवेश मिळाल्यास जाणे बंधनकारक असते, म्हणून नेट प्राइस कॅल्क्युलेटरचा आकडा झेपत असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

शिष्यवृत्तीचे पत्र आले की तीन गोष्टी तपासाव्यात: ती किती सत्रे मिळेल, चालू राहण्यासाठी किती जीपीए लागतो, आणि शुल्क वाढले तर रक्कमही वाढेल की तेवढीच राहील. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात चांगल्या मुलांचेही गुण उतरतात, त्यामुळे ३.० ची अट आणि ३.५ ची अट यांतील फरक प्रत्यक्षात फार मोठा असतो. एखाद्या सत्रात जीपीए घसरला तर पुढच्या सत्रात सावरण्याची संधी मिळते का, हेही आर्थिक मदत कार्यालयाला विचारावे. वसतिगृहाची जागा अर्जाच्या क्रमाने मिळत असेल, आणि आधी भरलेली रक्कम १ मे पर्यंत परत मिळत असेल, तर डिसेंबरातच ती भरून सेफ्टीच्या ठिकाणी खोली राखून ठेवावी.